रिकामी खुर्ची : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचताना

विजय तेंडुलकरांचे हे नाटक ‘रंगायन’ने डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एकट्या स्त्रीवर तुटून पडणारा ढोंगी मध्यमवर्ग, असा या नाटकाचा अर्थ तेव्हापासून सांगितला जातो. तो खोटा नाही. परंतु तेवढाच घेऊन थांबले की आपण प्रेक्षक सुखरूप राहतो. ढोंगी ते, आपण नव्हे!

गेल्या हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या रनाळ्यात काही तरुण मंडळींसमवेत हे नाटक वाचण्याचा योग आला. नाटकातली मंडळीही मुंबईहून अशाच एका गावी येतात. अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम रात्री असतो. खटला कसा चालतो हे सामंत या गावकऱ्याला दाखवावे म्हणून वेळ घालवण्यासाठी एक खेळ मांडला जातो, आणि बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आमच्या वाचनात सुखात्मे वकील वाचणारा मुलगा स्वभावाने अत्यंत मवाळ. तिसऱ्या अंकापर्यंत त्याचा आवाज इतका चढला की बेणारे वाचणारी मुलगी मध्येच थांबली. तो तिच्यावर नव्हे, दुसऱ्याच कुणावर ओरडत होता, असे मला वाटून गेले.

मानसोपचारात या घटनेला ट्रान्सफरन्स म्हणतात. आपण भावारोपण म्हणू. जुन्या नात्यातले प्रेम, भय किंवा राग नकळत समोरच्या माणसावर आरोपित होतो. डोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणीने आपले उपचार अर्ध्यावर सोडले. हे आरोपण आपण वेळीच ओळखले नाही, अशी कबुली फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दिली आहे. समूहोपचारात तर हा प्रकार अनेकपट होतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, गटात बसलेला माणूस आपले मूळ कुटुंबच पुन्हा उभे करतो. कुणी बाप होतो, कुणी लाडके भावंड, कुणी बळीचा बकरा. गट चालवणाऱ्याचे काम एवढेच, की जे चालले आहे ते ओळखावे, त्याला नाव द्यावे आणि ते सोसण्याजोगे ठेवावे.

आता नाटकातला गट पाहा. सुखात्मे हा न चालणारा वकील. वास्तवात न मिळालेला विजय तो येथे मिळवतो. पोंक्षे इंटर नापास, पण थाट शास्त्रज्ञाचा. काशीकर दांपत्य निपुत्रिक. त्यांनी आश्रय दिलेला बाळू रोकडे त्यांच्यापुढे सदैव दबलेला. सौ. काशीकरांना तर नवरा चारचौघांत गप्प बसवतो, आणि बेणारेबाईंच्या मोकळ्या हसण्याचा सूड त्या साक्षीच्या पिंजऱ्यातून घेतात. प्रत्येकाची दुखरी गाठ वेगळी. आरोपी मात्र एकच. वर स्वतः न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून साक्ष द्यायला उतरतात. ज्याने काठावर बसून गट सांभाळायचा, तोच प्रवाहात उडी घेतो. तेंडुलकरांनी मानसोपचारावरचे काही वाचले होते की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. नाटककाराचे डोळे उघडे होते.

माझ्या मते या नाटकातील सर्वांत बोलके पात्र रंगमंचावर येतच नाही. प्रा. दामले आरोपीचे वकील असायचे. ते गैरहजर, म्हणून सुखात्मेच दोन्ही बाजू चालवतात. बेणारेबाईंचे आयुष्यही याच रिकाम्या खुर्चीभोवती फिरते. कोवळ्या वयात सख्ख्या मामावर जडलेला जीव, मामाची माघार, आणि पुढे दामल्यांच्या बुद्धीची पूजा. आधार देईल अशा वडीलधाऱ्याच्या जागी पुन्हा तसाच पुरुष येतो आणि तसाच निघून जातो. आधी मामा, मग प्राध्यापक : समीक्षक याला योगायोग म्हणतात किंवा पुरुषी शोषण. शोषण तर आहेच. पण त्या आरोपणाचा गैरफायदा घेणाऱ्याचा अपराध त्यामुळे अधिक काळा होतो. आम्हा धर्मगुरूंना लोक ‘फादर’ म्हणतात. त्या संबोधनात किती जणांचे हरवलेले वडील येऊन बसतात, हे समजायला मला पौरोहित्याची बरीच वर्षे लागली.

बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत कुणीच ऐकत नाही. कोर्ट गोठलेले असते. ती प्रत्यक्ष बोलते की मनातच बोलते, यावर वाद आहेत. मला ते स्वगत दोन्हींपेक्षा करुण वाटते, कारण बोलण्याने माणूस मोकळा होण्यासाठी ऐकणारा लागतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात माणसे गटात आपली गोष्ट सांगतात. तिथेही लाज, राग, अश्रू असतातच. फरक इतकाच, की गटात सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा करायचा नसतो. पोंक्षे आणि कर्णिक नेमके तेच करतात : विश्वासाने कळलेले किंवा कानावर आलेले खासगी ते चव्हाट्यावर मांडतात.

एका बाबतीत मात्र तेंडुलकरांवर माझा आक्षेप आहे. सामंत त्यांनी फार निष्पाप रंगवला. हातातल्या कादंबरीतले वाचून तोही साक्ष देतोच, आणि तीच साक्ष खेळाला जीवघेणे वळण देते. शेवटी निपचित पडलेल्या बाईंजवळ हिरवा कापडी पोपट ठेवून तो जातो, आणि प्रेक्षक त्याला क्षमा करून टाकतात. रनाळ्यातल्या एका मुलीने ती केली नाही. ‘त्याला थांबता आले असते,’ ती म्हणाली. मग सगळे जण माझ्याकडे पाहू लागले, निकाल मी द्यावा म्हणून. मी खुर्ची उचलून त्यांच्या रांगेत नेऊन ठेवली आणि तिलाच पुढे बोलायला सांगितले.