तीनदा उतरलेला ताप

परभणी जिल्ह्यात शेतीचे काम घोड्यावर चालत नाही. इथल्या काळ्या भारी जमिनीत औत ओढतो तो बैल. तरीही घोडा अगदीच नाहीसा झालेला नाही. वरातीची घोडी आहे, एखाद्या गावी टांगा आहे, आणि दिवाळीनंतर मेंढरांच्या मागे निघणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर तर तट्टाशिवाय पान हलत नाही. भांडीकुंडी, वाघरी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि कधी कधी तान्हे पोरही त्याच्याच पाठीवर असते. देशात २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ साली ती सव्वासहा लाख होती. संख्या घटली की त्या जनावराचा जाणकारही दुर्मिळ होतो. तालुक्याच्या दवाखान्यात रोज गाय, म्हैस, शेळी येते. घोडा महिन्यातून एखादा. ही रिकामी जागा भरून काढते ती बाटली.

बाटली म्हणजे आठवडी बाजारात, जत्रेत आणि किराणा दुकानातही मिळणारे 'पेटंट' औषध. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे खोगीर, लगाम, घुंगरमाळांच्या पालांशेजारी हीही पाले असतात. गेली काही वर्षे आम्ही अशा बाटल्यांवरची लेबले आणि सोबतची पत्रके जमवत आलो आहोत. साहित्याची समीक्षा होते तशी या मजकुराचीही व्हायला हवी, असे आमचे मत आहे. कारण तो वाचून माणसे पैसे मोजतात आणि जनावराचा जीव त्यावर टांगतात.

लेबलावर बहुधा उधळलेल्या घोड्याचे चित्र असते. खाली रोगांची यादी: जंत, ताप, पोटशूळ, खोकला, धाप, खरूज, अंगावरची सूज, भूक मंदावणे, अशक्तपणा, घोडी माजावर न येणे. हे सारे एकाच औषधाने जाते. मात्रा 'मोठ्या जनावरास' अर्धी बाटली आणि 'लहान जनावरास' पाव. मोठे म्हणजे किती किलोचे? घोडा, बैल आणि उंट यांच्या पोटाची रचना एकच आहे काय? घटकांची नावे दिलेली असतात, कारण कायद्याने ती द्यावीच लागतात. पण त्यातले काय कोणत्या किड्याला मारते, हे शोधून सापडत नाही.

'पेटंट' या शब्दाचीही एक गंमत आहे. पेटंट मिळवायचे तर आपली कृती जाहीर करावी लागते. त्या बदल्यात काही वर्षांचा मक्ता मिळतो. इंग्लंड-अमेरिकेत ज्यांना पेटंट औषधे म्हणत, त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतेच. नाव नोंदवलेले आणि कृती गुप्त, असा उलटा व्यवहार होता. तिकडे घोड्यांसाठी 'कंडिशन पावडरी' मुबलक विकल्या जात. अंगावर तकाकी यावी म्हणून घोड्याला सोमल, म्हणजे आर्सेनिक, चारण्याची पद्धतही युरोपात होती. तकाकी खरोखर येई, आणि विषही खरोखर जाई. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात आयुर्वेदी औषधांसाठी 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' असा एक वर्ग आहे. त्यात घटक ठरलेल्या ग्रंथांतले असावे लागतात, मिश्रण मात्र बनवणाऱ्याचे स्वतःचे. लेबलावरचा 'पेटंट' हा शब्द पेटंट कचेरीची मोहोर नव्हे, एवढे वर्गात सांगितले तरी पुष्कळ झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या बाजूला एका वाड्यावर आम्ही पशुवैद्य मित्राबरोबर गेलो होतो. वाड्याच्या कारभाऱ्याची घोडी नुकतीच मेली होती. आम्ही बाटलीबद्दल विचारले. आमच्या सुरातली शंका त्याच्या लक्षात आली असावी.

"साहेब, औषधाला नावं ठेवू नका. बाटली दिली की दुसऱ्या दिवशी घोडी उठायची. एकदा न्हाई, तीनदा उठली."

"आणि चौथ्यांदा, मामा?"

"चौथ्या बारीला न्हाई उठली. तिचा भोगच सरला होता."

हा माणूस खोटे बोलत नव्हता, आणि त्याला अडाणी म्हणणे हा आमचाच अडाणीपणा ठरेल. त्याने औषध दिले, ताप उतरला. पुन्हा दिले, पुन्हा उतरला. तीन वेळा आलेला हा अनुभव आहे. आपल्या शालेय पुस्तकांत 'निरीक्षण करा व निष्कर्ष काढा' असे जे म्हटलेले असते, ते त्याने तंतोतंत केले होते.

घोडीचे रक्त कुणी तपासले नव्हते, त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही. पण त्याच वाड्यावरचे दुसरे एक तट्टू त्या दिवशी तापाने फणफणले होते. त्याच्या कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन मित्राने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींना ढुशा देत काहीतरी वळवळत होते. तो सर्रा होता.

सर्राचा परजीवी म्हणजे 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय'. हे नाव ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याचे. त्याने १८८० साली डेरा इस्माइलखान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जीव पाहिला, आजारी जनावराचे रक्त निरोगी घोड्याला टोचून रोग उठतो हे दाखवले, आणि तरीही वरिष्ठांचा त्यावर विश्वास बसेना. रोग निर्माण करणारा पहिला ट्रिपॅनोसोम सापडला तो असा आपल्या उपखंडात, घोड्याच्या रक्तात. टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्यांचा सुळसुळाट असतो. गाई-बैल-म्हशींमध्ये हा रोग पुष्कळदा दबून राहतो, बाहेरून काही कळत नाही. घोड्याला मात्र तो सहसा सोडत नाही. ताप, अंगातले रक्त कमी होणे, पायांवर आणि पोटाखाली सूज, मागच्या पायांत लटपट, आणि उपचार न झाल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत मृत्यू. ज्या गोठ्यात बैल धट्टेकट्टे दिसतात, त्याच्याच शेजारी बांधलेली घोडी झिजत जाते, ती यामुळे.

आणि सर्राचा ताप येतो-जातो. या जीवाच्या अंगावर एका प्रथिनाचे दाट आवरण असते. घोड्याचे शरीर ते ओळखते, त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि बहुतेक परजीवी मरतात. ताप उतरतो, घोडी उठते, चारा खाते. पण थोड्या परजीवींनी तेवढ्यात आवरण बदललेले असते. वेगवेगळ्या आवरणांच्या शेकडो कृती त्यांच्या जनुकांत साठवलेल्या असतात. त्यांना जुनी प्रतिद्रव्ये ओळखत नाहीत. ते वाढतात, काही दिवसांनी ताप पुन्हा चढतो आणि शरीराला लढाई पहिल्यापासून मांडावी लागते. दरवेळी थोडे रक्त, थोडी ताकद खर्च होते.

बाटली केव्हा आणली जाते, ते आता पाहा. ताप थोडा असताना कुणी आणत नाही. जनावर आडवे झाले, दाणा सोडला, म्हणजे ताप शिखरावर गेला की आणतात. शिखरानंतर उतारच असतो. बाटलीत साखरेचे पाणी असते तरी घोडी दुसऱ्या दिवशी उठली असती. याहून वाईट गोष्ट अशी की, उताराच्या दिवसांत रक्तात परजीवी इतके विरळ असतात की थेंबात ते सापडतीलच असे नाही. घोडी 'बरी' झाल्यावर कुणी तिला दवाखान्यात नेले, तर तपासणीतही काही दिसत नाही आणि बाटलीची कीर्ती वाढते. सर्रावर औषध आहे. क्विनापिरामिनची इंजेक्शने वजनाप्रमाणे वेळेवर दिली तर घोडी वाचू शकते. तीन बाटल्यांनी तिचे पैसे खाल्ले, आणि त्याहून मोलाचे असे ते काही आठवडे खाल्ले.

हा केवळ जनावरांचा प्रश्न आहे असेही समजू नये. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला चढउताराचा ताप येत होता. त्याच्या रक्तात हाच परजीवी निघाला. माणसाच्या रक्तातले 'अपोलिपोप्रोटीन एल-१' नावाचे प्रथिन एरवी या जीवाला मारते. या शेतकऱ्यात जनुकीय दोषामुळे ते नव्हतेच. सुरामिन देऊन तो बरा झाला. माणसात सर्रा झाल्याची निर्विवाद सिद्ध झालेली ही पहिली घटना महाराष्ट्रातली आहे आणि आपल्या शिक्षकांनाही ती फारशी ठाऊक नाही.

जंतांच्या बाबतीत बाटलीचे यश आणखी सोपे असते. बहुतेक बाटल्यांत एखादे रेचक असते. लीद पातळ होते, तिच्यात दोन-चार जंत दिसतात आणि मालकाची खात्री पटते. पण आतड्याच्या भिंतीत दडलेल्या बारीक स्ट्राँगाइल अळ्यांचे काय? मोठ्या स्ट्राँगाइलच्या अळ्या तर आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत जाऊन बसतात. त्या तिथे आहेत की गेल्या, हे लीद पाहून कळत नाही. बॉट माशीच्या अळ्या महिनोन् महिने घोड्याच्या जठराला चिकटून राहतात आणि वाढ पुरी झाली की कोशात जाण्यासाठी आपणहून लिदीवाटे बाहेर पडतात. त्या सुमारास बाटली दिलेली असली की श्रेय बाटलीला. शिंगराच्या पोटातले मोठे गोल जंतही त्याच्या वाढत्या वयाबरोबर, प्रतिकारशक्ती येईल तसे कमी होत जातात. साधा पोटशूळ तर पुष्कळदा काही तासांत आपोआप थांबतो. त्यावर कोणतेही औषध गुणकारीच ठरते, आणि जो थांबत नाही तो नशिबाच्या खात्यावर जमा होतो.

पाजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. घोड्याचे तोंड वर धरून बांबूच्या नळकांड्याने औषध ओततात. ते श्वासनळीत गेले तर फुप्फुसाचा दाह होऊन जनावर दगावू शकते. अशा वेळी औषध उशिरा दिले, असे म्हटले जाते!

इथे एक खुलासा करायला हवा. आमचा राग झाडपाल्यावर नाही. पळसाच्या बियांत पॅलासोनिन हे जंतांवर परिणाम करणारे द्रव्य सापडले आहे. किरमाणी ओव्यातल्या सँटोनिनने तर माणसांचे जंत अनेक वर्षे काढले. आयव्हरमेक्टिन हे ज्यापासून निघाले ते सूक्ष्मजीवही मातीतलेच. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातून ते मिळाले आणि त्या कामाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. प्रश्न मुळाचा नाही, मोजमापाचा आहे. किती द्रव्य, किती वजनाला, किती जंत मेले, हे बाटली सांगत नाही.

उलट कारखान्यातले औषध आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. डायक्लोफेनॅक जनावरांच्या वेदनेवर उत्तम चालले, पण मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि गिधाडे जवळजवळ संपली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि दर तीन महिन्यांनी सरसकट जंतनाशक पाजा, असे सांगणारी आमच्याच शास्त्रीय वर्तुळातली पत्रके? जंत आहेत की नाहीत हे न पाहता तेच ते औषध देत राहिले की औषधाला न जुमानणारे जंत मागे उरतात. घोड्यांच्या बारीक स्ट्राँगाइलनी बेंझिमिडाझोल गटातल्या औषधांना जगभर असेच निरुपयोगी करत आणले आहे. न मोजता देणे हा दोष बाटलीवाल्याचा तसा आमचाही.

खोट्या जाहिरातीविरुद्ध १९५४ चा कायदा आहे. त्यातल्या 'औषध' या व्याख्येत जनावरांचे औषधही येते आणि औषधाच्या गुणांबद्दल खोटा दावा करणारी जाहिरात तो मना करतो. जत्रेतल्या पालांवर तो पोचलेला आम्हाला तरी दिसला नाही.

शाळेत पोचण्यासारखी मात्र एक गोष्ट आहे. जंतांची अंडी मोजण्याला फार सामग्री लागत नाही. तीन ग्रॅम ताजी लीद ४२ मिलिलिटर पाण्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळावी. गाळलेले पाणी एका नळीत निवू द्यावे, वरचे पाणी ओतून द्यावे आणि तळच्या गाळात मिठाचे संपृक्त द्रावण भरावे. मीठपाणी अंड्यांहून जड असल्यामुळे अंडी वर तरंगतात. नळी काठोकाठ भरून वर काच ठेवली आणि काही मिनिटांनी ती उचलून शंभरपट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर स्ट्राँगाइलची लांबट अंडी स्पष्ट दिसतात. मॅकमास्टरची खणांची काच मिळाली तर मूळ मापाइतक्या मीठपाण्यात गाळ कालवून तिचे दोन खण भरावेत. दोन्ही खणांतली अंडी मोजून पन्नासने गुणले की एका ग्रॅममधली संख्या निघते. घोडा नसेल तर शेळीच्या लेंड्यांवर हेच करता येते. हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

बाटलीची परीक्षा करायची झाल्यास औषध दिल्याच्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी अशी दोनदा मोजणी करावी. आणि त्याच कळपातली काही जनावरे बाटलीविना ठेवून त्यांचीही मोजणी करावी. मालक याला सहजी तयार होत नाही. बिनऔषधाचे जनावर त्याला आपल्या निष्काळजीपणासारखे वाटते. येलदरीच्या त्या वाड्यावर कारभाऱ्याने आधी साफ नकार दिला होता. मग स्वतःच म्हणाला, "दोन शेळ्या ठेवा तशाच. घोडं नगं."