‘तुंबाड’मधील उजेड

भयपट म्हणजे अंधार, किंकाळी आणि अचानक पुढे येणारा विद्रूप चेहरा, हे समीकरण हिंदी चित्रपटांनी पुष्कळ वर्षे रुजविले. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ने (२०१८) ते मोडले. चित्रपट हिंदी, पण त्यातील भूमी, माणसे आणि वाडा मराठी. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, तर कथेची प्रेरणा नारायण धारपांची. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक प्रतिसाद त्यास लाभला. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील प्रकाशयोजनेचा.

तुंबाडवर सतत पाऊस कोसळतो. तो देवांचा कोप आहे, असे कथा सांगते. छायालेखक पंकज कुमार तो प्रत्ययास आणून देतात. खऱ्या पावसाळी आभाळासाठी अनेक पावसाळे चित्रीकरण चालले होते. ढगाळ उजेडास दिशा नसते, म्हणून ठळक सावलीही पडत नाही. सकाळ आणि तिन्हीसांज यांतला भेद पुसला जातो. कथा १९१८ पासून १९४७ पर्यंत सरकते, तुंबाडची वेळ मात्र थिजलेली राहते. खानापूर-बेळगावकडील आषाढ ज्यांनी कौलारू घरात काढला आहे, त्यांस हा करडा उजेड परका वाटणार नाही.

घरात शिरल्यावर उजेड लहान होतो. दिवा, कंदील, मशाल यांच्या प्रकाशाचे वर्तुळ हातभर, त्यापलीकडे काळोख. साखळदंडाने जखडलेली आजी अशा उजेडात तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि उरलेली आपण कल्पनेने पुरी करतो. या चित्रपटात दिवा बहुधा काहीतरी शोधण्यासाठी उचललेला असतो, हे ध्यानात घ्यावे. विनायकाचा उजेड त्याच्या हव्यासाइतकाच दूर पोहोचतो.

मग येते देवीचे गर्भागार. दोराने खाली उतरलेला विनायक रक्तवर्णी, मांसल भिंतींच्या मध्यभागी बसतो. येथे लाल उजेड सर्वत्र आहे, पण तो कोठून येतो हे कळत नाही. ज्या जागी सर्वाधिक दिसते, तीच सर्वाधिक भयंकर. त्या लालीत एकच पांढरी रेघ: भोवती आखलेले पिठाचे रिंगण. सोन्यासाठी आलेल्या माणसाचे रक्षण अन्न करते आणि उपाशी हस्तरला भुलविणारी बाहुलीही पिठाचीच. संवादावाचून केवळ मांडणीतून एवढा अर्थ उमटतो.

दोष नाहीत असे नाही. आरंभी निवेदनासह संगणकीय चित्रांतून देवी आणि हस्तर यांची कथा उघड सांगितली आहे. जे पुढे चाचपडत सापडावयाचे, ते आधीच हाती येते. शेवटी अनेक हस्तर एकदम अवतरतात, तेव्हा भयाची जागा धावपळ घेते.

तरीही अखेरचा प्रसंग चित्रपटास सावरतो. विनायक आजीला जाळतो, ते गुपिताची किंमत म्हणून. पांडुरंग बापाला जाळतो, ते त्याने पुढे केलेली मोहरांची झोळी नाकारून. आग तीच, अर्थ उलटा. सबंध चित्रपटात धन धुंडाळणारा उजेड येथे प्रथमच त्यागाचा होतो. वडिलार्जित वाडे, इनामे आणि त्यांवरील भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांस हा वारसा-नकार अंतर्मुख करील, असे आम्हांस वाटते.