कलिंगच्या शिळेवर काय कोरले नाही?

बालवाचकांसाठी लिहिलेल्या इतिहासात सम्राट अशोकाची कथा ठरलेल्या क्रमाने येते. कलिंगचे युद्ध झाले, प्रेतांचा खच पाहून राजाचे हृदय द्रवले, त्याने तलवार टाकली व धम्म स्वीकारला. आपल्या धम्मवर्गांतही बहुधा हीच कथा सांगितली जाते. ती एकाच मुखाने सांगितली जाते, हा तिचा मोठा दोष होय.

या युद्धाचा प्रमुख पुरावा म्हणजे तेरावा शिलालेख. दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक मेले, अशी कबुली खुद्द राजाच देतो. जेत्याने आपल्या विजयाचा खेद दगडावर कोरावा, हे विरळच. हा लेख वायव्येस शाहबाजगढी व मानसेहरा येथे आहे. कंदाहारला त्याचा आरंभीचा भाग ग्रीक भाषेत सापडला. मात्र ज्या कलिंगात रक्त सांडले, तेथे धौली व जौगड येथील शिळांवर ११ ते १३ हे लेख नाहीत. त्याऐवजी दोन स्वतंत्र लेख आहेत. प्रजा आपल्या अपत्यांसारखी आहे व कोणासही विनाकारण बंदीत टाकू नये, असे त्यांत अधिकाऱ्यांना बजाविले आहे. शिवाय खेद व्यक्त करणाऱ्या त्याच तेराव्या लेखात अरण्यवासीयांना राजाच्या दंडशक्तीची जाणीवही करून दिली आहे.

शिक्षकाने मुलांपुढे नकाशा ठेवून ही स्थळे दाखवावीत व विचारावे : हा खेद कलिंगवासीयांना का ऐकविला नसावा? संकोचाने, बंडाच्या भीतीने, की जखम पुन्हा उघडू नये म्हणून? पकडून नेलेल्यांपैकी एखाद्याने लेख कोरला असता, तर त्यात काय असते? यांतील पुरावा कोणता व तर्क कोणता, हे मुलांनीच निवडावे.

यावर आक्षेप येईल की, ज्याची शतकानुशतके उपेक्षा झाली, त्या अशोकाला आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करावे? आक्षेपामागची वेदना खरी आहे. परंतु इतरांच्या ग्रंथांना आपण सतत विचारतो की, यात आमचा आवाज कोठे आहे? तोच प्रश्न आपल्या आवडत्या कथेला विचारावयाचा नसेल, तर ती चिकित्सा न राहता केवळ वादाचे हत्यार ठरते. 'ये आणि पाहा' म्हणणाऱ्या धम्माला हे शोभणारे नाही.

या प्रश्नांनी अशोक लहान होत नाही. मृतांचा आकडा त्याने स्वतःच कोरून ठेवला. तो आकडा मोठ्याने वाचण्याचे धैर्य आपल्या मुलांत यावे, एवढीच अपेक्षा आहे.