ई-रुपया, निनावीपणा आणि पीककर्जदार : रिझर्व्ह बँकेच्या संकल्पना टिपणाची समीक्षा (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

भारतीय रिझर्व्ह बँकेने ७ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाविषयीचे संकल्पना टिपण प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ मधील 'बँक नोट' या संज्ञेत डिजिटल स्वरूपाचा समावेश झाला होता. कायदा आधी आणि चर्चेचे टिपण नंतर, हा क्रमच मुळात लक्षणीय आहे. पुढे १ नोव्हेंबर २०२२ ला घाऊक आणि १ डिसेंबर २०२२ ला किरकोळ ई-रुपयाचा प्रायोगिक वापर सुरू झाला. सदर टिपणाची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने केली जाते. प्रस्तुत लेखात ते कापूस-सोयाबीनच्या आणि पीककर्जावर चालणाऱ्या परभणी जिल्ह्याच्या बाजूने तपासले आहे.

टिपणाचा एक गुण प्रथमच मान्य केला पाहिजे. निनावीपणाचा प्रश्न त्यात टाळलेला नाही. छोट्या रकमांचे व्यवहार रोखीप्रमाणे निनावी राहावेत व मोठ्या रकमांचा माग लागावा, अशी 'नियंत्रित निनावीपणा'ची भूमिका त्यात घेतली आहे. परंतु निनावीपणा कोणापासून, या प्रश्नाचे उत्तर टिपणाने गृहीत धरले आहे. एका बाजूला काळ्या पैशाची चिंता करणारे शासन आणि दुसऱ्या बाजूला खासगीपणा जपू पाहणारा नागरिक, एवढीच दोन पात्रे त्यात दिसतात. तिसरे पात्र म्हणजे सावकार. मग तो पेढीवरचा असो की बँकेचा. त्याची दखल टिपणात नाही.

मानवत, सेलू, जिंतूर, पालम या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हेच पात्र सर्वांत जवळचे आहे. ज्या बँकेचे पीककर्ज त्याच्या डोक्यावर असते, बहुधा त्याच बँकेच्या खात्यात अनुदान, पीकविम्याची भरपाई आणि अतिवृष्टीची मदत जमा होते. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे कलम राज्य शासनाच्या निर्णयांत पुन्हापुन्हा घालावे लागते. एकाच आदेशाची इतकी पुनरुक्ती हाच तो पाळला जात नसल्याचा पुरावा मानावा लागेल. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भ-मराठवाड्यातील अनेक कापूस उत्पादकांनी व्यापाऱ्याचा धनादेश नाकारून कमी भावात रोख रक्कम पत्करली. त्या वेळी या वर्तनास अज्ञान म्हणण्यात आले. वस्तुतः धनादेश खात्यात पडताच कर्जापोटी अडकेल, हा त्यामागचा साधा हिशोब होता. येथे रोख रक्कम ही धनकोच्या नजरेआडची एकमेव जागा आहे. बियाणे आणि आजारपण यांचा अग्रक्रम शेतकरी तेथेच ठरवतो. खासगीपणाचा हा अर्थ महानगरी चर्चेत क्वचितच येतो.

इतिहासाकडे पाहता हा संघर्ष नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. ते मिळवून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. त्यातून १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो या भागास लागू नव्हता, ही गोष्ट वेगळी. नोंद कोणाच्या हाती, हाच त्या दंग्याचा गाभा होता.

आता ई-रुपयाकडे वळता येईल. टिपणाने द्विस्तरीय रचना स्वीकारली आहे. चलन रिझर्व्ह बँक काढते, परंतु वॉलेट ग्राहकाच्या बँकेमार्फत, केवायसीनंतर मिळते. वॉलेटमधील प्रत्येक व्यवहार यूपीआयप्रमाणे बचत खात्याच्या उताऱ्यात उमटत नाही, केवळ रक्कम भरल्या-काढल्याची नोंद होते. यूपीआयचे बहुतांश व्यवहार दोनच कंपन्यांच्या ॲपवरून होत असताना ही सुधारणा नगण्य नाही.

परंतु फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने 'प्रोग्रामेबल' पैशाची घोषणा केली आणि चित्र पालटले. ओडिशा व आंध्र प्रदेशातील बटईदारांना केवळ कृषी निविष्ठांसाठीच खर्च करता येईल असे कर्ज ई-रुपयात देण्याचा प्रयोग झाला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदारास कर्ज मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. परभणीतील बटईदारही तिची वाट पाहत आहेत. तथापि पैशावरची अट धनको लिहिणार असेल, तर तो पैसा निनावी आहे की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. खताच्या दुकानाखेरीज कोठेही न चालणाऱ्या रुपयास रोखीचे रूप म्हणणे कठीण आहे.

कायद्याची बाजूही दुबळी आहे. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र शासकीय यंत्रणांना व्यापक सूट देण्याची वाट मोकळी ठेवली. मे २०२४ मध्ये तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी निनावीपणा कायद्याने किंवा नोंदी कायमच्या पुसणाऱ्या तंत्राने साधता येईल, असे सांगितले. तंत्र बदलता येते, आणि बदलल्याचे ग्राहकाला कळतेच असे नाही. म्हणून येथे 'किंवा' पुरेसा नाही. खरीप २०१७ च्या सोयाबीन विम्यावरून परभणीत २०१८ साली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, तेव्हाही वाद उंबरठा उत्पन्न व पीककापणी प्रयोगांच्या आकड्यांचाच होता. शेतकऱ्याची संपूर्ण माहिती विमा कंपनीकडे जाते, कंपनीचा हिशोब मात्र त्याला मागावा लागतो.

३१ मार्च २०२५ अखेर चलनातील ई-रुपया सुमारे १,०१६ कोटी आणि वापरकर्ते सुमारे ६० लाख होते. देशाच्या मानाने हा पसारा लहान आहे, त्यामुळे दुरुस्तीस वाव आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ नुसार बँकेस ग्राहकाच्या तिच्याकडील मालावर सर्वसाधारण धारणाधिकार असतो. वॉलेटमधील ई-रुपया हा शेतकऱ्याच्या खिशातील नोटेसारखा या अधिकाराबाहेर आहे, की बँकेच्या ताब्यातील मालासारखा त्यात येतो, याविषयी टिपण मौन बाळगते. थकीत पीककर्जदाराच्या वॉलेटला हात लावण्यास बँकेला मज्जाव करणारे एक स्पष्ट कलम रिझर्व्ह बँक अधिनियमात असणे, ही टिपणातील निनावीपणाच्या आश्वासनाची किमान कसोटी आहे.