‘आयदान’मधले ताट

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’वर (२००३) पुष्कळ लिहिले गेले. भूक, दारिद्र्य, बाईपण, चळवळ असे रकाने पाडून झाले. परंतु त्यातल्या एका प्रसंगापाशी आपली समीक्षा हवी तेवढी थांबली नाही. शाळेतल्या मुलींचे सामुदायिक जेवण आहे. ही मुलगी चवीने, पोटभर जेवते. मग मुलींत कुजबुज होते ती तिने किती खाल्ले याची.

या प्रसंगाला भुकेच्या रकान्यात टाकणे चूक आहे. भूक बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आहे, जिथे बाळंतिणीच्याही पोटात अन्न नाही. इथे अन्न मिळालेले आहे, आणि घाव बसतो तो स्वाभिमानावर. घास तोच, पण तो मोजणारे डोळे आले.

मानसशास्त्राला हा घाव अगदीच अपरिचित नाही. हीदरटन, हर्मन आणि पोलिव्ही यांनी १९९१ साली प्रयोगाने दाखवले, की वजनापायी खाण्यावर बंधन घालणाऱ्या स्त्रिया अपयशाच्या किंवा चारचौघांसमोर बोलण्याच्या धास्तीने जास्त खातात. पण प्रयोगशाळेतली धास्ती तासाभरात संपते. जातीची कुठे संपते? गार्नर आणि गारफिंकेल यांची खाण्याविषयीच्या वृत्तीची चाळीस प्रश्नांची चाचणी १९७९ची. इतरांबरोबर जेवायला आवडते का, असे ती विचारते. का आवडत नाही, हे विचारत नाही. बारीक होण्याची हौस हेच मूळ धरले, की आमच्या मुलींच्या कारणांना त्यात जागाच उरत नाही.

उर्मिलाताईंना काही आजार होता, असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणते, की लाजेने हात आखडणे आणि स्वाभिमानाने अन्न नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना मृत जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका असे सांगितले, तेव्हा नाकारण्याचा निर्णय त्या बायांच्या हाती आला. शाळेतल्या त्या मुलीच्या हाती काय होते? आपले समीक्षक दोन्हींना ‘अन्नाचा संदर्भ’ म्हणतात आणि पुढे जातात.

माझ्या वर्गात आजही काही मुली डब्याचे झाकण अर्धेच उघडतात आणि भिंतीकडे तोंड करून खातात. त्यांना ‘डाएट’वर आहेस का, असे विचारणारे प्राध्यापक आमच्याच स्टाफरूममध्ये ‘आयदान’ शिकवतात.