पेटीची तयारी आणि पेटीचे गाणे

आजच्या पेटीवादनात तयारीला तोटा नाही. विशी-पंचविशीतला वादक द्रुत तीनतालात आवर्तनामागून आवर्तने सपाट ताना काढतो, तिन्ही सप्तकांतून हात फिरवतो, अवघड तिहाया बिनचूक समेवर आणतो, मध्येच पाश्चात्त्य स्वरसंगतीचे तुकडेही पेरतो. एके काळी मोजक्या हातांत असलेली ही कला आता गावोगावच्या स्पर्धांत ऐकायला मिळते. मात्र असे तासाभराचे एकलवादन ऐकून बाहेर पडताना रागाची एखादी जागा, एखादी सुरावट आपल्या तोंडात घोळत असते का? बऱ्याचदा नसते. आठवतो तो हात. राग आठवत नाही. पेटीच्या, म्हणजे संवादिनीच्या, एकलवादनाची आजची अवस्था तपासायची तर सुरुवात इथूनच करायला हवी.

कोल्हापूरला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. हार्मोनियमचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा. मांडीशी घेऊन एका हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्यात घडली. महाराष्ट्रात या पेटीला मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचे (१८८१–१९५५) नाव अग्रभागी येते. त्यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांना गुरुस्थानी मानले आणि भैया गणपतरावांच्या ठुमरी अंगाच्या वादनातून पेटी किती लाडिक बोलू शकते हे हेरले. पुढे तेच टेंबे संगीतकार म्हणून पुढे आले. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटाचे संगीत त्यांनी केले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. ज्याच्या बोटांत तयारी होती त्याच माणसाच्या डोक्यात चाली होत्या. पेटीवादनातला तयारी आणि गोडवा यांचा मेळ पाहायचा तर टेंब्यांपासूनच पाहावा लागतो.

तयारी की गोडवा, हा वाद त्या काळच्या रसिकांतही रंगत असे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोन नाटक कंपन्यांचे संयुक्त ‘मानापमान’ झाले. कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकीकडे केशवरावांची धारदार, चढी, आक्रमक तान, तर दुसरीकडे बालगंधर्वांचे शब्दाला गोंजारत जाणारे लडिवाळ गाणे. कोण सरस, यावर तेव्हाच्या रसिकांत दोन तट पडले. आज त्या प्रयोगाकडे पाहताना मला मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. दोघेही गात होते त्या चाली टेंब्यांच्या होत्या, आणि त्या चालींनी दोन्ही टोकांच्या गायक्या पेलल्या. चाल भक्कम असली की तिच्यावर तानेचा मजला चढवता येतो आणि नुसत्या आलापीनेही ती उभी राहते. खाली चालच नसेल, तर तानेला टेकायला जागा उरत नाही.

तयारी म्हणजे कोरडेपणा, हा समजही कोल्हापूरनेच खोटा पाडला आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी अवघडच. अनवट आणि जोडराग, पेचदार तान, लयीच्या अंगाने एकेक स्वर गुंफत जाणारी बढत. तरुणपणी अतिगायनाने आवाज बसल्यावर, हाती उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे तिथे तंत्र जन्माला आले ते गरजेतून. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यात ती तान आकाराच्या गोल, भरदार स्वरात न्हाऊन निघते. तान कितीही पेचाची असो, तिचा प्रत्येक स्वर ऐकू येतो आणि तो त्या रागाचाच असतो. खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ही कसोटी पेटीलाही लावता येते.

मात्र पेटीची अडचण गळ्याहून वेगळी आहे. पट्टी दाबली की भात्याची हवा पितळी सुरावरून जाते आणि तो सूर आपल्या ठरलेल्या उंचीवर वाजतो. त्याला खाली-वर ओढता येत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. दरबारीचा गंधार किंवा तोडीचा रिषभ गळ्यात जसा झुलतो तसा इथे झुलवता येत नाही. मग जुन्या वादकांनी काय केले? दोन स्वरांमधली पोकळी त्यांनी अतिशय हलक्या, क्षणभर चाटून जाणाऱ्या कणांनी भरली, आणि त्याच वेळी भात्याचा दाब कमी-जास्त करून स्वराला फुगवले, ओसरवले. ऐकणाऱ्याला मींडेचा भास झाला. हा भास उभा करायला बोटे विलक्षण चपळ असावी लागतात. म्हणजे पेटीवरची चपळाई मुळात गोडव्यासाठीच जन्मली. गाण्याची नक्कल करता करता बोटे जलद झाली. आज उलटे झाले आहे. चपळाई उरली आणि ती ज्यासाठी होती ते मागे पडले.

याला इतिहासही कारण आहे. पेटीवर शंका घेणारे थोडे नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास श्रुतींचा अभ्यास करून श्रुतिहार्मोनियमचा प्रयोग केला. बारा सुरांत आपले संगीत मावत नाही, हा त्यांचा मुद्दा शास्त्राला धरून होता. रवींद्रनाथ ठाकूरही या वाद्याच्या विरोधात होते. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. ती १९७१ पासून, आधी साथीपुरती, सैल होऊ लागली. देशातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाचे दार तीस वर्षे बंद राहिलेल्या वाद्याला आपण अभिजात आहोत हे सतत सिद्ध करावे लागले. सतार-सरोदाच्या तोडीचा ‘झाला’ आणि तिहाई पेटीवरही निघते, हे दाखवण्याची ओढ तेव्हापासूनची आहे, असे मला वाटते. ओढ समजण्यासारखी आहे. पण पेटीने तंतवाद्यांशी शर्यत लावली की ती स्वतःचे बळ सोडून देते. तिचे बळ आहे टिकणाऱ्या, न तुटणाऱ्या, गळ्याजवळच्या स्वरात.

ते बळ ओळखणारे वादक आपल्याकडे झाले. गोविंदराव पटवर्धनांनी (१९२५–१९९६) नाट्यपदांची साथ करताना गायकाच्या श्वासाबरोबर पेटीला श्वास घ्यायला लावले. पी. मधुकरांचा हात विजेसारखा. पण त्या वेगातही सुरावटीचा चेहरा स्पष्ट दिसे. त्यांचेच शिष्य, गोव्यात जन्मलेले तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी ती नजाकत पुढच्या पिढीला दिली. अप्पा जळगावकरांनी (१९२२–२००९) साथीत कुठे थांबायचे याचा वस्तुपाठ घालून दिला. मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाची जोड देऊन तिला ‘संवादिनी’ म्हणून एकलवादनासाठी उभे केले. कोल्हापूरपासून दोन-अडीच तासांवरच्या बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी शिस्तबद्ध एकलवादनाची परंपरा रुजवली. यांतले बहुतेक जण आधी साथीदार होते. गायकाच्या मागे बसून, त्याची पुढची हरकत ओळखून, त्याला अडथळा न होता स्वर पुरवणे ही त्यांची शाळा. त्या शाळेत संयम आपोआप शिकला जातो.

रॉक गिटारच्या जगात हाच वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे, आणि तिथला अनुभव आपल्याला उपयोगी आहे. १९७८ साली एडी व्हॅन हेलनच्या ‘इरप्शन’ या दोन मिनिटांहून कमी वेळाच्या वादनाने गिटारवादकांची एक पिढी भारून गेली. दोन्ही हातांची बोटे तारांवर आपटून काढलेली ती स्वरांची झोड पूर्वी तशी फारशी कोणी ऐकली नव्हती. मागोमाग इंग्वी मालमस्टीनसारख्यांनी वेग आणखी वाढवला. पण त्याच सुमारास, १९७९ साली, पिंक फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये डेव्हिड गिल्मोरने तार ताणून, लांबवून, एकेका स्वराला वेळ देत वाजवले, आणि ते वादन लोक आजही गुणगुणतात. १९९१ साली ‘निर्वाणा’ या बँडच्या गाजलेल्या गाण्यात कर्ट कोबेनने सोलोच्या जागी गाण्याचीच चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवली. व्हॅन हेलनचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. त्याच्या वेगातही ताल आणि खट्याळपणा होता. त्याच्या मागे धावणाऱ्या अनेकांकडे मात्र फक्त वेग होता, आणि ते विस्मरणात गेले. गिटारच्या तारेला निदान ओढ देता येते. पेटीला तीही सोय नाही. म्हणून निव्वळ वेगाचा धोका पेटीला अधिक आहे.

आजच्या पिढीत गुणांची वाण नाही. गणितात पीएच.डी. केलेल्या अरविंद थत्त्यांनी रागाची तर्कशुद्ध मांडणी पेटीवर कशी करता येते हे दाखवून दिले आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणून देवल-क्लेमंट्सांच्या प्रश्नाला शंभर वर्षांनंतर नवे उत्तर दिले. तरुण वादकांची साथ आज देशभरातल्या मोठ्या महोत्सवांत ऐकू येते, आणि ती दर्जेदार असते. दोष दिसतो तो एकलवादनाच्या मांडणीत. विलंबित आटोपशीर होत चालले आहे. रागाचा वादी स्वर पुरता ऐकवण्याआधीच मध्यलय सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला द्रुत. मोबाइलवर फिरणाऱ्या मिनिटभराच्या चित्रफितींत वेग दिसतो. आलाप मिनिटात मावत नाही. स्पर्धांच्या दहा मिनिटांतही हेच घडते. परीक्षकांना तयारी मोजता येते, पण एका षड्जावर स्थिर राहण्याची किंमत गुणपत्रिकेत कुठे मांडायची?

दुसरा दोष भात्याचा. बोटांच्या सरावाला तास दिले जातात, भात्याच्या हाताकडे लक्ष जात नाही. मायक्रोफोन पेटीच्या तोंडाशी आला आणि ध्वनियंत्रणा स्वर सरसकट मोठा करून देऊ लागली, तेव्हापासून अनेक वादकांचा भाता एकाच दाबाने चालतो. स्वर सपाट येतो. दमसास नसलेल्या गायकाला आपण गायक म्हणत नाही. भात्याचा ताबा नसलेल्या वादकाला मात्र तयारीचा वादक म्हणतो.

याउलट चित्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत दिसते. एकादशीला, सप्ताहाला देवळात भजनी मंडळ बसते, तिथल्या पेटीवाल्याला राग-शास्त्र फारसे ठाऊक नसते, पण अभंगाची चाल तो सोडत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात, पंचवीस गळ्यांना एका सुरात धरून ठेवण्याचे काम त्याच्या पेटीचे असते. चढावर जाऊन तो दोन-तीन पलटे घेतो, पण लगेच ध्रुवपदावर येतो, कारण मागे मंडळी थांबलेली असतात. शहरी एकलवादकाला हे बंधन नसते, आणि त्याच्या वादनात नेमकी याचीच उणीव भासते.

म्हणून माझा निष्कर्ष असा. तयारी आणि गोडवा यांत निवड करायची वेळ पेटीवर आलेली नाही. तयारी कशासाठी, हे विसरले गेले आहे, आणि ते पुन्हा शिकवायला हवे. गुरूंनी पहिली काही वर्षे विद्यार्थ्याला भात्यावर आणि साथीवर बसवावे. तबल्याला लेहरा धरणे, गायकाला साथ करणे हे कमीपणाचे न मानता तालमीचा गाभा मानावे. स्पर्धा घेणाऱ्यांनी विलंबित आलापीसाठी वेगळा वेळ आणि वेगळे गुण ठेवावेत. गायन समाज देवल क्लब ही १८८३ पासूनची संस्था आणि शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग कोल्हापुरात आहेत. टेंब्यांच्या गावात पूर्ण विलंबितासह तासभर एकच राग वाजवण्याची संवादिनी मैफल दरवर्षी व्हावी, ती या दोघांनी मिळून मनावर घ्यावी. आणि श्रोत्यांनीही एक करावे: द्रुत तानेला टाळी द्यायला हरकत नाही, पण एखादा गंधार जागेवर, भरून, थांबून लागला, तर त्यालाही तेवढ्याच मोकळेपणाने दाद द्यावी. वादक श्रोत्यांकडे पाहूनच वाजवतो. आपण ज्याला दाद देऊ, तेच उद्या आपल्याला ऐकायला मिळेल.