ड-जीवनसत्त्व आणि अर्भकाची वाढ : ढाक्यातील प्रयोगाचे परीक्षण

ड-जीवनसत्त्वाची न्यूनता असलेल्या मातेचे अर्भक खुजे राहते काय, आणि ती न्यूनता भरून काढल्यास त्याची वाढ सुधारते काय, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर निरीक्षणाने सुचते. दुसऱ्याचे प्रयोगावाचून मिळत नाही. डॅनियल रॉथ प्रभृतींचा ढाका येथील प्रयोग (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २०१८) या भेदाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे.

त्यामागची परंपरा आशादायक होती. लंडनमधील आशियाई वंशाच्या १२६ गर्भवतींवर ब्रुक प्रभृतींनी केलेला प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. ५९ जणींना अखेरच्या तीन महिन्यांत रोज १,००० एकके ड-जीवनसत्त्व दिले होते. जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि या मातांची अर्भके पहिल्या वर्षात अधिक वाढल्याचे १९८१ साली नमूद झाले. संख्या अल्प असली, तरी उपपत्ती आकर्षक होती.

ढाक्यात १,३०० गर्भवतींची पाच गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. गर्भारपणाच्या १७ ते २४ आठवड्यांपासून प्रसूतीपर्यंत त्यांना आठवड्यास शून्य, ४,२००, १६,८०० किंवा २८,००० एकके दिली गेली. पाचव्या गटात २८,००० एककांची मात्रा प्रसूतीनंतर २६ आठवडे चालू राहिली. न्यूनता तेथे सर्रास होती आणि मात्रेच्या प्रमाणात मातांच्या रक्तातील पातळी वाढलीही. परंतु एका वर्षाच्या बालकांच्या वयानुरूप लांबीत गटागटांत लक्षणीय अंतर पडले नाही. सर्वच गटांची सरासरी जागतिक मानकाहून सुमारे एका प्रमाण-विचलनाने खाली राहिली.

या प्रयोगाचे बळ असे की, औषध पोहोचलेच नाही, ही सबब येथे चालत नाही. रक्तातील आकडा सुधारला, बालकाची उंची सुधारली नाही. दारिद्र्य, अपुरा आहार आणि घरकोंडेपणा यांच्या सहवासात न्यूनता आणि खुजेपणा दोन्ही आढळू शकतात. अशा वेळी न्यूनता ही अपराधी नसून केवळ साक्षीदार असू शकते.

मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. सर्व स्त्रियांना कॅल्शियम, लोह व फॉलिक आम्ल मिळत होते. म्हणून कॅल्शियमचाही अभाव असलेल्या मातांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. गर्भारपणाचा पूर्वार्ध प्रयोगाबाहेर राहिला. शिवाय लांबी हे वाढीचे एक अंग होय. मुडदूस टाळण्याचा प्रश्न त्याहून निराळा आहे आणि येथील नकाराने तो निकालात निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली, आणि पुन्हा २०२० साली, सर्व गर्भवतींना सरसकट ड-जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली नाही. ढाक्याचा निष्कर्ष त्या भूमिकेशी सुसंगत आहे. अभ्यासकाने त्यातून घ्यावयाचा बोध मात्र गोळीपुरता मर्यादित नाही. न्यूनता मोजणे सोपे आणि गोळी देणे त्याहून सोपे. म्हणून खुजेपणाचे कारण तेथेच शोधण्याचा मोह होतो. त्या मोहापायी अन्न, स्वच्छता व मातेची विश्रांती यांकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत बालकालाच मोजावी लागेल.